फोटोखाली एवढं तरी छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एका दीर्घिकेचा फोटो छापलात, पाऊण पान, रंगीत, एम ५१ नावाची ती भोवऱ्यासारखी गॅलक्सी आणि तिच्या शेपटाला लटकलेली छोटी दुसरी. फोटो झकास होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते खालच्या ओळीबद्दल. 'साध्या घरगुती दुर्बिणीतून दिसणारं अवकाश' असं तुम्ही छापलंत. साहेब, नाही हो दिसत असं. मी गेली सहा वर्षं घराच्या मागच्या अंगणात दुर्बीण लावून हाच उद्योग करतोय, मला एक रात्र असं दिसलेलं नाही, आणि ज्याने कोणी तो फोटो काढला त्यालाही डोळ्याने तसं दिसलेलं नसणार, हे मी त्याला न भेटता सांगतो.

पत्र लिहायला निमित्त झालं शेजारच्या मुलाचं. नववीत आहे, तुमचं कात्रण हातात घेऊनच आला, म्हणाला काका हे दाखवा. मी म्हटलं ये रात्री. सगळं लावलं, एम ५१ वर आणलं, त्याने डोळा लावला आणि विचारलं, कुठाय? मी म्हटलं मधोमध बघ, दोन पुसट डाग दिसतील. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाला, काका, काच पुसली का तुम्ही?

हसू आलं मला पण वाईटही वाटलं, कारण त्याची काय चूक. त्याला कोणी सांगितलंच नाही की अंधारात आपला डोळा रंग बघत नाही, कमी उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळतच नाहीत, आणि डोळा उजेड साठवूनही ठेवत नाही, क्षणाचं क्षणाला बघतो आणि सोडून देतो. चार्ल्स मेसिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये हीच एम ५१ पहिल्यांदा नोंदवली तेव्हा त्याला धुरकट डागच दिसला होता. तिचे ते वळलेले हात पहिल्यांदा दिसले १८४५ मध्ये, लॉर्ड रॉसला, आयर्लंडमध्ये, आणि त्यासाठी त्याने जी दुर्बीण बांधली तिचा आरसा सहा फूट रुंद होता. सहा फूट! तरी त्यालाही रंग दिसले नाहीत, त्याने जे दिसलं ते हाताने चित्र काढून ठेवलं. माझा आरसा २०० मिलीमीटर, म्हणजे आठ इंच. तेव्हा घरगुती दुर्बिणीतून काय दिसणार याचा हिशोब तुम्हीच करा.

मग फोटोत कुठून येतं हे सगळं? कॅमेरा साठवतो म्हणून येतं. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड थेंब थेंब येत असतो, तो तासन् तास एकाच जागी गोळा करायचा. मी तीन तीन मिनिटांच्या फ्रेम घेतो, एका रात्रीत ऐंशी-नव्वद, आणि मग त्या एकावर एक रचतो, स्टॅकिंग म्हणतात त्याला, म्हणजे नॉइज, फोटोतला दाणेदारपणा, दबतो आणि गॅलक्सी वर येते. ऐकायला सोपं आहे. यातला सगळा त्रास 'एकाच जागी' या दोन शब्दांत आहे, आणि साहेब, मला खरं म्हणजे त्याबद्दलच लिहायचंय, कारण त्याबद्दल कधीच कुठे छापून येत नाही.

पृथ्वी फिरते, ही शाळेतली गोष्ट. पण किती जोरात ते दुर्बिणीला कळतं. आकाश दर सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं, आर्कसेकंद म्हणजे आपली जुनी विकला, अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक. एम ५१ जिथे आहे तिथे हा वेग थोडा कमी, दहाच्या आसपास, तरी दुर्बीण नुसती उभी ठेवली तर ती गॅलक्सी मिनिटाभरात स्वतःच्या रुंदीएवढी पुढे निघून जाते. म्हणून दुर्बीण मोटार लावलेल्या माउंटवर, म्हणजे बैठकीवर, ठेवतात, त्याचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला, आणि तो अक्ष आकाशाच्याच वेगाने, पृथ्वीच्या उलटा, फिरतो. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशातला पाऊण आर्कसेकंद बघतो. म्हणजे तीन मिनिटं माउंटने साधारण एका आर्कसेकंदाच्या आत राहायला पाहिजे, नाहीतर तारे गोल येत नाहीत, अंड्यासारखे येतात किंवा शेवयांसारखे. आता एक आर्कसेकंद म्हणजे केवढं, तर एक किलोमीटरवर पाच मिलीमीटर. माउंटच्या आतलं चाक साधारण साडेचार सेंटीमीटर त्रिज्येचं धरलं तर त्याच्या कडेवर हे अंतर होतं मायक्रॉनचा पाचवा भाग. हौशी माणसाला परवडेल अशा माउंटचे दाते एवढे अचूक कापलेले नसतात, असूच शकत नाहीत. वर्म नावाचा जो स्क्रू ते चाक फिरवतो त्याच्या प्रत्येक फेऱ्याला माउंट थोडं पुढे पळतं, थोडं मागे पडतं. माझ्या माउंटच्या चाकाला १८० दाते आहेत, म्हणजे वर्मचा एक फेरा ४७९ सेकंदांचा, तर दर आठ मिनिटांनी तीच लाट, घड्याळ लावून बघा.

यावर उपाय म्हणजे गायडिंग. एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवायची आणि तो हलला की दुर्बीण तेवढी परत ढकलायची. पूर्वी हे माणूस करायचा. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत मिल्टन ह्यूमसन, जो आधी तिथे खेचरं हाकायचा आणि मग झाडलोट करायचा, तो पुढे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलसाठी रात्र रात्र थंडीत बसून दूरच्या दीर्घिका हाताने धरून ठेवायचा. गॅलक्स्या आपल्यापासून दूर पळताहेत हे जे आपण पुस्तकात एका ओळीत वाचतो त्यामागे त्या माणसाची मान अवघडलेली आहे. हौशी लोकही तेच करायचे, उजळलेल्या फुलीच्या आयपीसला डोळा आणि हातात दोन बटणं. १९९० च्या आसपास एसटी-४ नावाचं यंत्र आलं, ते ताऱ्यावर स्वतः नजर ठेवायचं, आजही माउंटवरच्या त्या छोट्या सॉकेटला त्याचंच नाव आहे. आता हे काम एक छोटी दुर्बीण, म्हणजे गाईड स्कोप, एक छोटा कॅमेरा आणि लॅपटॉपवरचं पीएचडी टू नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. पीएचडी म्हणजे डॉक्टरेट नाही हां, ते मुळात 'पुश हिअर डमी' आहे, म्हणजे बाबा रे इथे दाब आणि गप्प बस. नाव ठेवणारा विनोदी माणूस असावा, कारण मी इथे दाबून गप्प कधीच बसू शकलेलो नाही.

पहिली फजिती ऐका. नवीन गाईड कॅमेरा लावला, स्क्रीनवर एक छान टोकदार तारा दिसला, मी त्यावर क्लिक केलं, आदल्या रात्रीचं कॅलिब्रेशन (ते काय ते पुढे सांगतो) तसंच वापरलं आणि गायडिंग सुरू. तारा किती हलतोय ते दाखवणारा ग्राफ बघतो तर सरळ रेघ. इतकी सरळ की मी बायकोला उठवून दाखवली. ती म्हणाली छान आहे आणि परत झोपली. तासाभराने फ्रेम उघडल्या तर प्रत्येक ताऱ्याची रेघ. ग्राफ सरळ आणि तारे रेघा, हे कसं शक्य आहे म्हणून डोकं खाजवत मी गाईड स्कोपवर झाकण घातलं तर तो तारा स्क्रीनवर तसाच! तो ताराच नव्हता. कॅमेऱ्याच्या चिपवरचा हॉट पिक्सेल होता तो, कायम पेटलेला एक ठिपका, तो कुठे हलणार, तो चिपलाच चिकटलेला. सॉफ्टवेअर बिचारं दर दोन सेकंदांनी बघत होतं, हलला नाही, हलला नाही, सगळं ठीक. तेव्हापासून झाकण लावून डार्क फ्रेम, म्हणजे नुसत्या हॉट पिक्सेलचा काळा फोटो, घेऊन ठेवल्याशिवाय मी गायडिंग सुरू करत नाही, आणि त्या रात्रीचं कॅलिब्रेशन त्याच रात्री करतो, ते ताऱ्याऐवजी पिक्सेलवर केलं असतं तर तिथेच अडलं असतं, माउंट ढकललं तरी तारा हलत नाही म्हणून.

कॅलिब्रेशनचंही एक आहेच. सॉफ्टवेअर माउंटला पश्चिमेला, पूर्वेला, मग उत्तरेला, दक्षिणेला थोडं थोडं ढकलून बघतं की एवढ्या धक्क्याने तारा किती आणि कुठे सरकतो. मी सुरुवातीला जी गॅलक्सी काढायची तिथेच ते करायचो. एकदा एम ८१ वर केलं, ती आहे ध्रुवाच्या बाजूला, खगोलीय विषुववृत्तापासून ६९ अंशावर, तिथे पूर्व-पश्चिम हालचाल तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडीच जास्त उरते, सॉफ्टवेअरला काही धड कळेना आणि दोन अक्ष काटकोनात नाहीत म्हणून ते कुरकुर करायला लागलं. मी दोन रात्री माउंट तिरकं आहे का ते बघत बसलो. माउंट ठीकच होतं. कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ, याम्योत्तर वृत्ताच्या, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या, थोडं अलीकडे-पलीकडे करायचं असतं, मग तिथून गॅलक्सीकडे जायचं, लॅपटॉप थेट माउंटला जोडलेला असेल तर बाकीचा हिशोब सॉफ्टवेअर स्वतः करतं. हे माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. माहितीपत्रक मी तिसऱ्या रात्री वाचलं.

मग ग्राफ करवतीच्या दातांसारखा यायला लागला, वर खाली वर खाली. मी आकडे बदलत बसलो, एक्स्पोजर कमी केलं, अर्धा सेकंद, म्हटलं जितक्या लवकर बघेल तितक्या लवकर सुधारेल. आणखी बिघडलं. कारण डोक्यावरची हवा सारखी हलत असते आणि ताऱ्याची जागा त्याबरोबर दोन-तीन आर्कसेकंद नाचते, ते नाचणं माउंटचं नसतंच, आणि मी माउंटला त्या नाचाच्या मागे पळवत होतो. दोन-अडीच सेकंदांचं एक्स्पोजर ठेवलं की ते नाचणं आपोआप सरासरीत विरतं, आणि दुरुस्तीचा जोरही पूर्ण न ठेवता साठ-सत्तर टक्के ठेवला, ग्राफ शांत झाला. माझं प्रामाणिक मत सांगतो, या छंदातले निम्मे लोक सेटिंग जास्त फिरवतात म्हणून त्रासात आहेत. स्लायडर समोर असतो, रात्र मोठी असते, हात शिवशिवतो.

उरलेल्या निम्म्यांचा त्रास लोखंडात असतो. माझा तरी होता. ग्राफवर दोन रेघा असतात, एक पूर्व-पश्चिमेची आणि एक उत्तर-दक्षिणेची. पहिली शहाण्यासारखी वागायला लागली पण दुसरी काय करायची, तारा हळूहळू उत्तरेला सरकायचा, सॉफ्टवेअर दक्षिणेचा धक्का द्यायचं, काही नाही, पुन्हा धक्का, काही नाही, पुन्हा, पुन्हा, आणि मग एकदम तारा उडी मारून पलीकडे. जुन्या सायकलचं पेडल उलटं फिरवून परत पुढे मारलं की आधी थोडं पोकळ फिरतं ना, तसं. याला बॅकलॅश म्हणतात, वर्म आणि चाक यांच्यातली ढिलाई. पूर्व-पश्चिम अक्ष कायम एकाच दिशेने फिरत असतो म्हणून तिथे ती लपते, त्यातही वजनं लावताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवली की दात एका अंगाला टेकलेले राहतात. दुसऱ्या अक्षाला ती सोय नाही.

मी शहाणपणा केला, अॅलन की घेतली आणि फट आवळली. जरा जास्तच आवळली. बॅकलॅश गेला खरा पण अर्ध्या रात्रीत मोटार कण्हायला लागली आणि एका जागी अडकूनच बसली, कारण ते चाकही अगदी गोल नसतं, एका बाजूला सैल वाटणारी फट दुसऱ्या बाजूला घट्ट असते. मग परत सैल, पण स्क्रूच्या एका फेऱ्याचा अगदी आठवा-दहावा भाग, आणि हे पूर्ण चाक फिरवून फिरवून बघत. जी ढिलाई राहिली ती राहिली. तिच्यावर एक जुनी युक्ती आहे आणि ती ऐकायला उलटी वाटते, अक्ष ध्रुवाकडे अगदी नेमका न रोखता किंचित चुकवायचा, म्हणजे तारा सगळी रात्र एकाच दिशेला हळू सरकत राहतो, आणि मग दुरुस्तीही एकाच दिशेने करायला सांगायची, दिशा बदललीच नाही तर बॅकलॅश येणार कुठून. पण किंचित म्हणजे किंचितच, अक्ष पाच कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला) चुकला तर तारा मिनिटाला १.३ आर्कसेकंदांपर्यंत सरकतो, ते सरकणं गायडिंग सांभाळेल पण आख्खं चित्र त्या गाईड ताऱ्याभोवती हळूहळू फिरायला लागतं, ते कोण सांभाळणार. आणि नवख्यांना एक सांगायचं राहिलं, ध्रुवतारा म्हणजे ध्रुव नव्हे, तो खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त बाजूला आहे, त्याला मधोमध धरून अलाइनमेंट झालं म्हणणारे भेटतात मला.

इथपर्यंत तीन महिने गेले होते. ढगांचे आणि चंद्राचे दिवस वजा केले तर रात्री फार नाहीत, पण दिवस तीन महिन्यांचे. आणि आता ग्राफ खरोखर सुंदर होता, खऱ्या ताऱ्यावर, एकूण चूक ०.७ आर्कसेकंद, माझ्या पिक्सेलपेक्षा कमी. आणि तारे? अंडी. सगळी एकाच दिशेला कलंडलेली.

हे सगळ्यात जास्त छळतं, बरं का. ग्राफ वाईट असेल तर निदान शोधायला जागा असते. ग्राफ चांगला आणि फोटो वाईट म्हणजे डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि तुमचं पोट दुखतंच आहे. मी परत सेटिंग फिरवायला लागलो, सवयच ती, मग एका ढगाळ रात्री लॅपटॉप बाजूला ठेवून नुसत्या जुन्या फ्रेम बघत बसलो, आणि माझ्या मते तेवढी एक रात्र मी खरं काम केलं.

बघायचं काय, तर अंडी कुठे आहेत, कधी आहेत आणि कुठल्या दिशेला. नुसती कोपऱ्यात असती आणि पाच सेकंदांच्या फ्रेममध्येही असती तर दोष आरशाचा, काचांचा किंवा कॅमेरा तिरका बसल्याचा. मधले तारे गोल आणि कडेचे गाईड ताऱ्याभोवती गोल फिरल्यासारखे असते तर अक्ष ध्रुवाला चुकला. प्रत्येक फ्रेममध्ये वेगळीच दिशा असती तर वारा, किंवा कोणीतरी जवळून चालत गेलं, किंवा वायर कुठेतरी अडकली. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. तीस सेकंदांच्या फ्रेममध्ये तारे गोल, तीन मिनिटांच्या फ्रेममध्ये लांबट, आख्ख्या चित्रभर सारखेच, आणि रात्रभर एकाच दिशेला. मग मी एक केलं, तासाभराच्या फ्रेम न जुळवता नुसत्या एकामागून एक चालवून बघितल्या, सिनेमासारख्या, आणि गॅलक्सी चालायला लागली! सरळ रेषेत, गोगलगायीसारखी, तासाला चाळीस पिक्सेल. तीन मिनिटांना दोन. हेच ते अंडं. माझ्या आधीच्या स्टॅक केलेल्या फोटोत मागच्या काळ्या भागात तिरक्या पावसासारख्या बारीक रेघा यायच्या, त्याही याच चालण्याच्या होत्या, हॉट पिक्सेल ताऱ्यांच्या मानाने हळूहळू सरकत गेलेले. मी त्या सॉफ्टवेअरने पुसत होतो इतके दिवस.

गाईड स्कोप ताऱ्यावर खिळलेला आणि मोठी दुर्बीण सरकतेय, याचा अर्थ एकच, की दोघं एकमेकांच्या मानाने हलताहेत. रात्रभरात दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेला कलते, वजन एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं, आणि काहीतरी कुठेतरी मायक्रॉनमध्ये वाकतं. याला फ्लेक्शर म्हणतात आणि हे गायडिंगला कधीच दिसत नाही, सॉफ्टवेअर कितीही हुशार असू दे, ते जे बघतं तेच सुधारणार. माझा गाईड स्कोप प्लास्टिकच्या टोकांच्या सहा स्क्रूंवर तरंगत होता. हाताने हलवून बघितला तर हलत नव्हता, घट्ट होता, पण मी सांगितलं ना किलोमीटरवर पाच मिलीमीटर, हाताला काय कळणार ते. दोन जाड रिंगांमध्ये तो आवळून बसवला, त्याच्या कॅमेऱ्याची लोंबणारी वायर नळीला बांधली, मोठ्या दुर्बिणीच्या फोकसरचा, म्हणजे फोकस जुळवायच्या नळीचा, लॉक स्क्रू पिळला. चाळीसचं दहावर आलं. उरलेलं दहा मुख्य आरशाचं होतं, तो आपल्या पकडीत किंचित सैल असतोच, असावाच लागतो, आवळला तर आरसाच पिळवटतो आणि तारे त्रिकोणी दिसतात.

शेवटी गाईड स्कोपच काढला आणि ऑफ अॅक्सिस गायडर लावला. मुख्य दुर्बिणीतूनच येणाऱ्या उजेडाच्या कडेला एक इवलंसं प्रिझम, ते थोडा उजेड गाईड कॅमेऱ्याकडे वळवतं, म्हणजे आरसा हलला काय नि फोकसर वाकला काय, दोघांना एकच दिसतं. याचीही नाटकं आहेत, दोन्ही कॅमेरे एकाच वेळी फोकसमध्ये आणता आणता नाकी नऊ येतात, आणि कडेच्या त्या खिडकीत एखादा बरा तारा मिळेल याची खात्री नसते, एम ५१ च्या आसपास तर ठळक तारे कमीच, चार सेकंदांचं एक्स्पोजर द्यायला लागतं. आणि पहिल्या रात्री ग्राफने साडेतीन आर्कसेकंद चूक दाखवली तेव्हा मी दुर्बीण विकायच्या विचाराला आलो होतो. झालं एवढंच होतं की सॉफ्टवेअरमध्ये गाईड स्कोपची २०० मिलीमीटर फोकल लेंग्थ (नाभीय अंतर) तशीच राहिली होती आणि आता तो कॅमेरा १००० मिलीमीटरच्या दुर्बिणीतून बघत होता. पाचपट. भागाकार केला आणि परत ०.७. फ्रेम उघडली, तारे गोल. मी एकटाच अंगणात उभा, अडीच वाजलेले, या वेळी बायकोला उठवलं नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण तुमच्या पाऊण पानी फोटोमागे कोणाचे तरी असेच महिने गेलेत, आणि तुमच्या खालच्या ओळीने ते एका सेकंदात पुसले. वर वाचणाऱ्याला वाटतं दुर्बीण आणली की झालं. मुलं हट्ट करतात, घरात दुर्बीण येते, पहिल्या रात्री धुरकट डाग दिसतो, दुसऱ्या रात्री ती कपड्यांच्या कपाटामागे जाते. जिला चंद्रावरची विवरं, शनीची कडी, गुरूचे चार चंद्र दाखवता आले असते ती दुर्बीण गॅलक्सी दाखवत नाही म्हणून बाद. हे मी एकदा नाही, तीन-चारदा बघितलंय.

आणि उलट बाजूनेही नुकसान आहे, घरगुती म्हणून तुम्ही हौशी माणसाचं काम हलक्यात काढता. देवयानी दीर्घिकेचा फोटो आयझॅक रॉबर्ट्सने १८८८ मध्ये काढला, तोही हौशीच, आणि तिची वळणं त्यात पहिल्यांदा दिसली. तेव्हापासून तिचे किती फोटो निघाले असतील त्याला गणती नाही, आकाशातली सगळ्यात जास्त बघितलेली दीर्घिका ती. तरी २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं की तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या विरळ वायूची एक प्रचंड कमान आहे जी आजवर कोणालाच दिसली नव्हती, आणि ती सापडली फ्रान्स-जर्मनीतल्या हौशी लोकांना, साधारण दहा सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून, फक्त ऑक्सिजनचा उजेड येऊ देणाऱ्या एका फिल्टरमधून वीसपेक्षा जास्त तास उजेड साठवून. वीस तास, वेगवेगळ्या रात्री, प्रत्येक रात्री तारा धरून ठेवलेला. त्याच वर्षी मे महिन्यात एम १०१ या दीर्घिकेतला सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेला तारा, जपानच्या कोइची इतागाकींनी पकडला, तेही हौशी. अशी बातमी 'घरगुती दुर्बिणीतून दिसणारं' म्हणून कशी छापणार तुम्ही?

तेव्हा मागणी छोटीशी आहे. असा फोटो छापलात की खाली दोन ओळी द्या, दुर्बीण केवढी, किती मिनिटांच्या किती फ्रेम, एकूण तास किती, आणि रंग नेहमीच्या कॅमेऱ्याचे की खास फिल्टरचे. फोटो पाठवणाऱ्याला विचारा, तो न विचारता दहापट जास्त सांगेल, आम्हा लोकांना कोणी विचारतच नाही. जागा कमी असेल तर फोटो अर्धा सेंटीमीटर लहान करा.

शेजारच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर एक फ्रेम दाखवली, मग दहा रचलेल्या, मग सगळ्या. दहाव्याला तो म्हणाला थांबा, हात दिसायला लागले. आता तो अधूनमधून येतो, ग्राफवर नजर ठेवतो आणि रेघ वर गेली की ओरडतो. परवा त्यानेच पहिल्यांदा बघितलं की वायर ट्रायपॉडच्या पायात अडकलीय.

सोबत माझा फोटो जोडतोय, तोच एम ५१. छापायचा तर खाली हे छापा: २०० मिलीमीटर आरशाची दुर्बीण, तीन मिनिटांच्या ८० फ्रेम घेतल्या, १९ वारा, ढग आणि वायरीपायी टाकल्या, ६१ रचल्या, एकूण तीन तास तीन मिनिटं. डोळ्याने असं दिसत नाही. डाव्या खालच्या कोपऱ्यातले तारे अजून किंचित अंड्यासारखे आहेत, कॅमेरा थोडा तिरका बसलाय, तेही छापलंत तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक